आकडी शिकलेला मेंदू

हा पांढरा उंदीर. त्याच्या मेंदूत खोलवर, अमिग्डाला या भागात, केसासारखी बारीक तार बसवली आहे. तारेतून सेकंदभर सौम्य वीज सोडली जाते. उंदीर क्षणभर थबकतो आणि पुन्हा मिशा साफ करू लागतो.

तारेने टिपलेल्या मेंदूतल्या विजेच्या आलेखाकडे बघा. वीज केव्हाच थांबली, तरी रेघ काही सेकंद दातेरीच उमटतेय. तिथल्या चेतापेशी अजून एका तालात कल्लोळ करताहेत.

उद्या पुन्हा तेवढीच वीज. परवाही.

१९६७ साली संशोधक ग्रॅहॅम गॉडर्ड यांनी आपले निष्कर्ष छापले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. खरं तर ते अभ्यास करत होते शिकण्याचा. पण रोज वीज दिलेल्या उंदरांना काही दिवसांनी चक्क आकडी येऊ लागली. विजेचं माप तेच होतं, बदलला होता मेंदू. काटक्या धुमसत धुमसत जाळ धरावा तसा हा प्रकार, म्हणून नाव पडलं किंडलिंग.

१९७२ मध्ये रोनाल्ड रेसीन यांनी त्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. आधी तोंड चाळवतं, मग मान हलते. पुढचे पाय झटके देतात, उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो, आणि शेवटी तोल जाऊन पडतो. बाहेर दिसणारी प्रत्येक पायरी म्हणजे आत कल्लोळाने गाठलेला नवा टप्पा: अमिग्डालातून आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस, तिथून हालचालींची केंद्रं, मग मेंदूचा दुसरा अर्धा भाग. वाटेत रोधक पेशी गाबा हे रसायन सोडून त्याला अडवत असतात. ते कुंपण टिकलं, तर आकडी जागच्या जागी विझते.

चक्रावून टाकतो तो वेळेचा हिशेब. दर काही मिनिटांनी वीज दिली तर किंडलिंग लवकर व्हायला हवं, नाही का? उलट ते अडतं. मेंदूला मधली विश्रांती लागते, अगदी पाठांतराला लागते तशी.

आणि हा धडा पुसला जात नाही. काही आठवडे तारेला हात लावला नाही, तरी मग एकदाच दिलेल्या सौम्य विजेने उंदीर कोसळतो.

म्हणूनच औषध तपासायला नुसता निरोगी उंदीर पुरत नाही. आज अपस्मारावर, म्हणजे वारंवार आकडी येण्याच्या आजारावर, सर्रास दिलं जाणारं लेव्हेटिरॅसिटॅम निरोगी प्राण्यांवरच्या दोन नेहमीच्या चाचण्यांत कुचकामी ठरलं होतं. किंडलिंग झालेल्या उंदरांमध्ये मात्र त्याने आकडी रोखली.