आबांच्या शेवरलेटचं स्टेअरिंग

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आबांनी गाडी अर्ध्या वळणात बंद केली आणि खाली उतरले. मागं चार टेम्पो हॉर्न देतायत, पुढं गुळाचे रवे उतरवायची गडबड, आणि आबा नुसते उभे, उजवा खांदा डाव्या हातानं धरून. मी शेजारच्या सीटवर होते. शेवटी एका हमालानं आत येऊन स्टेअरिंगला हात लावला आणि आबांनी आणि त्यानं मिळून गाडी वळवली. घरी येईपर्यंत आबा एक शब्द बोलले नाहीत. वय 74. या गाडीवर ते सोळाव्या वर्षी चालवायला शिकलेत.

ती ही गाडी. 1951 ची शेवरलेट 3100 पिकअप. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, 1928 पासून 1954 पर्यंत, तिथं पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून अमेरिकन गाड्या तयार व्हायच्या आणि आमची तिथलीच, असं घरात सांगत आलेत. इंजिन एका रांगेत सहा सिलिंडरचं, 216 क्युबिक इंच, आजच्या भाषेत साडेतीन लिटर. आता पुढं खाली वाकून बघा, कॅमेरा नेतोय तिथं. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी एक्सेल, त्याच्यावर पाटे, टोकाला किंग पिन, म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं ती खीळ. आणि हे बिडाचं एवढं वजनदार इंजिन नेमकं पुढच्या चाकांवर बसलेलं. गाडी धावत असली की काही वाटत नाही, पण उभ्या गाडीत चाक वळवायचं म्हणजे सगळा भार खांद्यावर.

योगायोग असा की याच 1951 साली अमेरिकेत क्रायस्लरनं इम्पीरियल गाडीत पॉवर स्टेअरिंग, म्हणजे चाक वळवायला यंत्राचा जोर, देऊन ती विकायला काढली, बाजारात मिळणाऱ्या मोटारींत ती पहिली. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं 1926 मध्येच ते गाडीत बसवून दाखवलं होतं, पण विकायच्या मोटारीत यायला पंचवीस वर्षं लागली. आणि पिकअप म्हणजे कामाची गाडी, तिला कोण एवढं कशाला देतंय.

हे स्टेअरिंग हलकं करायला उद्यमनगरातल्या या गाळ्यात मिस्त्री भेटले. शेतावरच्या पंपांच्या ऑइल इंजिनांवर वाढलेला हा भाग, इथं पाच मिनिटांच्या अंतरावर ओतकाम, लेथ, गिअर कटिंग, वेल्डिंग सगळं मिळतं, आणि त्याच्यावाचून हे काम झालंच नसतं. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी काहीच खोललं नाही. किंग पिनला ग्रीस मारलं, टायरची हवा बघितली, पाट्यांचे बुश बघितले. तुमच्याकडं जुनी गाडी असेल तर आधी एवढं करा, निम्म्या तक्रारी इथंच जातात. आमची थोडी हलकी झाली. पण स्टेअरिंगचा प्ले दोन इंच, म्हणजे चाक दोन इंच फिरवलं तरी टायर जागचा हलत नाही, आणि तो प्ले बॉक्सच्या आतला, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या गिअरच्या पेटीतला.

मी म्हटलं, आता इलेक्ट्रिक मोटर येते ना स्टेअरिंगच्या दांड्याला लावायची, ती लावू. मिस्त्री म्हणाले, "ताई, मोटर लावली म्हणून झिजल्याला बॉक्स नवा हुतोय व्हय? आनि गाडी सहा व्होल्टची हाय." खरंच, या गाड्यांची वायरिंग मुळात सहा व्होल्टची, आणि ती मोटर बारा व्होल्टची. मग विषय रॅक अँड पिनियनवर आला.

रॅक अँड पिनियन म्हणजे काही फार नवलाईची वस्तू नाही, आपल्या अँबॅसिडरला पहिल्यापासून तेच होतं. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटा गिअर, तो पिनियन, आणि त्याच्यात अडकलेली एक सरळ दातेरी पट्टी, तो रॅक. दांडा फिरला की पट्टी डावी-उजवीकडं सरकते आणि टाय रॉडमधून, म्हणजे चाकाला जोडलेल्या सळईमधून, चाकं वळवते. मध्ये भाग कमी, म्हणून प्ले कमी. पॉवरवाल्यात पट्टीवरच एक पिस्टन असतो आणि पिनियनच्या वर एक बारीक स्प्रिंगसारखी पिळणारी सळई. तुम्ही चाकाला जोर लावला की सळई किंचित पिळते, त्या पिळानं व्हॉल्व्ह उघडतो, आणि पंपाचं तेल पिस्टनच्या एका बाजूला शिरून पट्टी ढकलतं. जोर काढला की व्हॉल्व्ह पुन्हा मध्ये. वाटेत पंप फिरवणारा बेल्ट तुटला तरी गिअर आणि पट्टी जोडलेलीच राहतात, गाडी वळते, फक्त जड. आबांनी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं.

अडचण वेगळीच आहे. रॅक चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर बसतो आणि आमचा एक्सेल चॅसीच्या खाली पाट्यांवर वरखाली नाचतो. खड्डा आला, एक्सेल वर गेला, पण रॅक जागेवरच, मग मधला टाय रॉड चाकाला ओढतो, आणि तुम्ही स्टेअरिंग सरळ धरलेलं असताना गाडी आपल्याआप बाजूला जाते. याला बम्प स्टेअर म्हणतात, आणि रॅक बदललेल्या गाड्यांमधला सगळ्यात घातक दोष हाच. पार्किंगमध्ये एका बोटानं वळणारी गाडी हायवेला खड्ड्यावर उडी मारून शेजारच्या लेनमध्ये जात असेल तर ते काम झालं असं मी तरी म्हणणार नाही.

म्हणून मिस्त्रींचं म्हणणं, रॅक एकटा आणायचाच नाही, घरादारासकट आणायचा. मागून चेपलेली एक देशी एसयूव्ही भंगारात मिळाली, पुढचा भाग धड. तिचा रॅक, एक्सेलच्या जागी चाक धरणारे वरचे-खालचे आर्म, त्यांच्या टोकाचा चाक वळवणारा सांधा म्हणजे नकल, पंप, स्टेअरिंगचा दांडा, सगळं उचललं. आणि उचलायच्या आधी दोन दिवस फक्त मापं. ओळंबा सोडून, गुण्या लावून, आर्मच्या आतल्या पिनांपासून रॅकच्या टोकांच्या बॉलपर्यंत किती उंची, किती रुंदी, किती पुढंमागं, सगळं एका जाड प्लेटवर खुणावून त्याचा जिग, म्हणजे मापाचा साचा केला. कारण हीच मापं बम्प स्टेअर ठरवतात. टाय रॉड आणि आर्म वरखाली होताना एकाच चालीनं हलले पाहिजेत, एक जरी वेगळा हलला की चाक वळलंच.

मग त्या जिगवर आमच्या चॅसीच्या रुंदीचा क्रॉसमेंबर, म्हणजे हे सगळं धरणारी आडवी तुळई बांधली. वेल्डिंगला मिस्त्रींनी स्वतः हात लावला नाही, साखर कारखान्याच्या बॉयलरची कामं करणारा माणूस बोलावला, आणि प्रत्येक टाक्यावर लाल डाय मारून, पुसून, वर पांढरी पावडर फवारून बघितलं, चीर असेल तर लाल रेघ वर येते. एक रेघ आली. तो टाका पूर्ण कापून परत मारला.

आबांची अट होती, चॅसी कापायची नाही. उद्या कुणाला मूळ गाडी परत हवी असेल तर मिळाली पाहिजे. म्हणून पाट्यांचे हँगर जागेवरच ठेवले आणि क्रॉसमेंबर जुन्या भोकांतून बोल्टनं आवळला, चॅसी उघड्या चॅनेलची असल्यामुळं आत जाड नळीचे तुकडे घालून, नाहीतर बोल्ट आवळताना चॅनेल दाबला जातो. तरीपण दोन भोकं नवीन लागत होती. मिस्त्रींनी खडूनं दोन फुल्या मारल्या आणि ड्रिल हातात घेऊन थांबले. आबा खाली वाकले, चॅसीवरनं हात फिरवला, जरा वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "पाडा."

कायद्याचं इथंच सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत बदल करण्याबद्दल आहे, त्यामुळं असलं काम काढायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून घ्या. आणि 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते खरी, पण गाडी मूळ रूपात लागते, चॅसीत बदल चालत नाही, आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. आबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि सांगितलं, मला गाडी चालवायचीय.

बाकीचं भराभर सांगते. जुना बॉक्स आणि त्याचा दांडा एकच अखंड नग असतो, तो तेल लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. नवा दांडा दोन युनिव्हर्सल जॉइंटनी मोडत मोडत रॅकपर्यंत नेला, आणि याचा एक फायदा आधी माझ्या लक्षातच आला नव्हता, पहिला दांडा सरळ भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीवर रोखलेला होता, हा समोरून धडक बसली तर जॉइंटपाशी मोडतो. या इंजिनाचा एग्झॉस्ट डाव्या अंगाला, त्यामुळं उजव्या हाताच्या स्टेअरिंगला जागा मोकळी मिळाली. मूळ सहा बोल्टांची चाकं बसावीत म्हणून हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो मधला भाग, नवे पाडून घेतले, पुढं डिस्क ब्रेक आले, मास्टर सिलिंडर बदलला. पंपाला फिरवायला पंख्याच्या पुलीपुढं एक जादा खाचेची पुली लागणार होती, तिचा लाकडी पॅटर्न सोमवारी झाला, बुधवारी ओतून मिळाली, गुरुवारी लेथवर. हे कोल्हापुरातच होतं, भावांनो.

आणि आता हा प्रसंग जरा थांबून बघा. गाडी घोड्यांवर, पुढची स्प्रिंग काढलेली, हबला साधा लेझर पॉइंटर टेपनं चिकटवलाय आणि समोर पंधरा फुटांवर भिंतीला जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं. पोरगं खालून जॅकनं आर्म वर उचलतंय आणि मिस्त्री पेन्सिलनं भिंतीवर लाल ठिपक्याच्या खुणा करतायत. ठिपका सरळ वर गेला पाहिजे. नाही गेला. खालपासून वरपर्यंत दोन इंच उजवीकडं सरकला.

आम्ही सगळे गप्प. मिस्त्रींनी खुणांना फूटपट्टी लावली, रेघ तिरकी होती पण सरळ होती, वाकलेली नव्हती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. "रेघ वाकली असती तर टाय रॉडची लांबी चुकल्याली, मग सगळंच परत. तिरकी हाय म्हंजे उंची." रॅकच्या ब्रॅकेटवर माप धरलं तर सहा एमएम वर. वेल्डिंगच्या उष्णतेनं ब्रॅकेट ओढली गेली होती. डोळ्याला कुणालाच दिसली नसती. ब्रॅकेट कापली, जिगवर परत बांधली, यावेळी थोडं थोडं थांबून थांबून टाके मारले. रात्री साडेदहाला ठिपका कॅलेंडरच्या तारखांच्या रकान्यासारखा सरळ वर चढला आणि सरळ खाली आला. मिस्त्रींनी ते पान काढून घडी घालून खिशात ठेवलं.

तेल भरताना घाई करायची नाही. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद, आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू वीस वेळा, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. आधी इंजिन चालू केलं तर तेलाचा फेस होतो आणि पंप ओरडतो. अलाइनमेंटला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागं झुकाव, मुद्दाम वाढवून घेतला, हातानं वळवायच्या गाडीत तो कमी ठेवतात कारण जड होतं, पण आता पंप आहे, आणि कॅस्टर जास्त असला की वळणानंतर चाक आपलं आपण सरळ होतं.

पहिली फेरी पन्हाळ्याला. केर्लीपर्यंत मिस्त्रींनी चालवली, मग आबा बसले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आता सव्वातीन फेरे, त्यामुळं सुरुवातीला आबा सवयीनं जास्त फिरवायचे आणि गाडी झपकन आत यायची. "जरा कमी, आबा," मिस्त्री म्हणायचे. वाघबीळच्या चढाला त्यांना अंदाज आला. एका वळणावर रस्ता उखडलेला होता, चाक आपटलं, मी आबांच्या हातांकडं बघत होते, स्टेअरिंग हललं नाही. आबांनी फक्त मान डोलावली. वर तीन दरवाजाच्या अलीकडं बसमुळं वाट अडली, आबांनी उभ्या जागी एका हातानं गाडी वळवून कडेला घेतली आणि मिस्त्रींकडं बघून म्हणाले, "आता गुळाचा सौदा सुरू झाला की पहिली खेप माझीच."

खाली गाळ्यात आल्या आल्या मिस्त्री टॉर्क पाना घेऊन गाडीखाली शिरले. क्रॉसमेंबरचे बोल्ट एकेक करून तपासले, नव्या भोकातला एक पाव फेरा गेला. तो आवळला, सगळ्या नटांवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली म्हणजे हलला तर दिसेल, आणि पोराला सांगितलं, वहीत लिही, पाचशे किलोमीटरला परत.