खंडेनवमीच्या पाटावर

मंडळी, नमस्कार. खंडेनवमीला इथे टेक्सासात आमच्या पाटावर विळी, स्क्रूड्रायव्हरचा डबा आणि लॅपटॉप. गॅरेजमधल्या लॉनमोवरलाही हळदकुंकू वाहतो. चालवतो मात्र शेजारचा मुलगा! यंदा मेहुण्यांनी आपली नवी एआर-१५ रायफल आणून पाटावर ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं. तेवढ्यात आमची धाकटी म्हणाली, "मामा, शाळेत गोळीबाराच्या ड्रिलला आम्ही ह्याच्यापासूनच लपतो ना?"

मग बहीणभावाचं असं जुंपलं की मी नुसती कोशिंबीर वाढत राहिलो.

मेहुणे म्हणतात, ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी. फौजेची रायफल वेगळी. बरोबर आहे. १९९४ला अमेरिकन सरकारने अशा रायफलींवर बंदी आणली, पण त्यात संगीन लावायची खुंटी वगैरे मोजत बसले. कंपन्यांनी खुंटी काढून जवळजवळ तीच रायफल विकली. २००४ला त्या कायद्याची मुदतही संपली. मेहुण्यांचं गॅस स्टेशन आहे. रात्री एकट्याने गल्ला मोजताना काय वाटतं, ते माझ्यासारख्या आयटीवाल्याला काय कळणार? पण गल्ल्यासाठी पिस्तूल आहेच की. तीस गोळ्यांचं मॅगझिन कशाला?

बायकोने युवाल्डीच्या शाळेतला गोळीबार काढला. आपल्याच टेक्सासात, २०२२ साली, १९ मुलं आणि २ शिक्षिका. मारणारा १८ वर्षांचा, रायफल रीतसर दुकानातून घेतलेली. तेव्हा दुकानदार २१च्या आतल्याला पिस्तूल विकू शकत नव्हता, रायफल विकू शकत होता! रायफलीचं ते वय वाढवा म्हणून तिथले आईबाप राजधानी ऑस्टिनला खेटे घालत राहिले. २०२३ला बिल समितीतून कसंबसं सुटलं, सभागृहात मताला आलंच नाही.

हे ऐकून मेहुणेही गप्प झाले. मुलीला मात्र अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. बँकेत लॉकर असून सोनं कपाटात ठेवायचं आणि त्याच्या राखणीला रायफल घ्यायची, अशी घरं आपल्यात किती, विचारत नाही. हसलात, त्यावरून कळलं. मुलं कोणाकडे राहायला जाणार असली की केकमध्ये अंडं आहे का, ते आपण दोनदा विचारतो. बंदूक आहे का, कुलपात आहे का, हे विचारायला जीभ रेटत नाही. माणसं दुखावतील!

मेहुणे तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांचा मुलगा मार्चमध्ये १८चा होईल. रायफलीच्या कुलपाची किल्ली कुठे असते, मी त्या दिवशी विचारलं; त्यांनी भारताच्या मॅचचा विषय काढला. आणि यंदा आपल्या मंडळाच्या बालनाट्याच्या तालमी त्यांच्याच घरी ठरल्यात. कमिटीने काय करावं, तुम्हीच सांगा.