भोंगा आणि माय

नमस्कार मंडळी. अमळनेर, धुळे, जळगाव, जिथून कुठून ऐकत असाल तिथल्या जुन्या माणसांना मिलचा भोंगा आठवतच असेल. अमळनेरला आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण आजी चालायची भोंग्यावर. पहिला भोंगा झाला की कळण्याची भाकरी तव्यावर आणि दुसऱ्याच्या आत आजोबांचा डबा फडक्यात बांधून तयार. म्हणून कॉलेजात मॅक्सिम गॉर्की ह्या रशियन लेखकाची 'आई' ही कादंबरी हातात पडली, आणि सुरुवातीलाच कारखान्याचा भोंगा वाजला, तेव्हा रशिया मला काही लांबचा वाटलाच नाही.

गॉर्कीने हे लिहिलं १९०६ साली. रशियातल्या सोर्मोवोच्या कामगारांनी १९०२ मध्ये मे दिनाचा मोर्चा काढला होता, त्यातल्या प्योत्र झालोमोव्ह आणि त्याची आई अ‍ॅना ह्या खऱ्या मायलेकांवरून त्याला ही गोष्ट सुचली. कादंबरीतला मुलगा पावेल, तोच हिरो असं बरेच जण म्हणतात, मला ते कधीच पटलं नाही. ही गोष्ट त्याच्या आईची, निलोव्हनाची आहे. चाळिशीची बाई, भुवईवर जखमेचा व्रण, नवऱ्याचा इतका मार खाल्लेला की स्वतःच्याच घरात अंग चोरून, जरा तिरकीच चालते, कशाला धक्का लागू नये म्हणून. आपल्याकडं अशा बाया मी पाहिल्यात हो, तुम्हीपण पाहिल्या असतील.

पावेलला अटक होते. आता कारखान्यात चोरून वाटली जाणारी कामगारांची पत्रकं येणं थांबलं तर पोलीस म्हणणार, बघा, हाच वाटत होता. मग ही माय काय करते, जेवण विकणाऱ्या बाईची मदतनीस होते, पत्रकं लुगड्याआत दडवतात तशी अंगावरच्या कपड्यांत दडवते, गेटवरच्या शिपायांच्या डोळ्यांसमोरून आत जाते आणि गरम सूप घ्या, शेवया घ्या असं ओरडत ओरडत वाटते. डब्याच्या आडून! मी ते पान वाचताना आजीचं फडकं डोळ्यासमोर होतं.

आणि ती वाचायला शिकते तो भाग तर मला सगळ्यात जास्त आवडतो. मुलाचा मित्र आंद्रेई शिकवतो, तिला लाज वाटते, अक्षरांकडं बघून बघून डोळ्यांत पाणी येतं, चाळीस वर्षं जगले आणि आत्ता कुठं शिकतेय म्हणून रडते. मोर्चात झेंडा धरण्यापेक्षा हे सोपं आहे असं मला तरी वाटत नाही.

शेवट स्टेशनवर. पेटीत मुलाचं कोर्टातलं भाषण छापलेलं, आणि एक हेर तिच्याकडं टक लावून बघतोय. क्षणभर तिच्या मनात येतं, पेटी टाकून निघून जावं. गॉर्कीने हे लपवलं नाही, म्हणून ती मला खरी वाटते. मग तिला स्वतःचीच लाज वाटते, पेटी उघडते आणि कागद मूठमूठ भरून गर्दीत फेकायला लागते, शिपाई मारताहेत, गळा धरताहेत, तरी ती बोलतेच आहे, आणि लोकं हात वर करून कागद झेलताहेत.