हसताना तोंडावर हात

श्रोतेहो, नमस्कार.

‘हसतील त्याचे दात दिसतील’ असं आपण सहज म्हणून जातो. माझ्याकडे येणारी तरुण मंडळी मात्र हसायच्या आधी हात तोंडावर नेतात. दातांना तारा बसवणं हा माझा रोजचा उद्योग, त्यामुळे दातांच्या आधी मला तो हात दिसतो.

ऐन दिवाळीच्या तोंडावर तेवीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले. आईचं पहिलंच वाक्य, “डॉक्टर, मार्गशीर्षात लग्न आहे. तोवर होतील ना सरळ?”

आता दात सरकतो कसा, तर तारेच्या दाबाने मुळाच्या एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. हाडाला मुहूर्त कळत नाही.

मी तिच्यासमोर दहा फोटो ठेवले. उपचारांची गरज मोजायची एक पट्टी ब्रिटनमधल्या ब्रुक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये मांडली, त्यातलेच हे फोटो. पहिला उत्तम बत्तिशीचा, दहावा सगळ्यांत वाईट. “तुझे दात यात कुठे बसतात?” तिने आठव्यावर बोट ठेवलं. मी तिसऱ्यावर ठेवलं असतं. या पट्टीचा दुसरा भाग मिलिमीटरचा. तिचा दात जागेवरून सरकला होता दीड मिलिमीटर, म्हणजे पाचांपैकी दुसरी पायरी. उपचारांची गरज नसल्यात जमा. हेच अंतर चारच्या पुढे गेलं असतं, तर चौथी पायरी. तिथे मी स्वतःच आग्रह धरला असता.

त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा नुसते दात साफ करून घ्यायला आला. समोरून रांग झकास. पण तोंड मिटलं की खालचे दात वरच्यांच्या मागे पार गडप, आणि त्यांची टोकं टाळूत रुतलेली. तिथे चक्क जखम होती. हा चौथ्या पायरीवर. तार हवी होती ती याला, आणि हा पठ्ठ्या फोटोत मनसोक्त हसतो!

म्हणून ‘किती तरुणांचे दात वाकडे?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, मोजलं कशाने? अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात मोठी राष्ट्रीय आरोग्य पाहणी झाली. तीत प्रौढांपैकी जेमतेम ३५ टक्क्यांचे खालचे पुढचे दात नीट रांगेत निघाले. म्हणजे थोडे वाकडे दात हीच जनरीत म्हणायची. खरोखर वाईट दाटी मात्र १५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे कुणी अमेरिकन दंतवैद्य अँगल यांची १८९९ ची दाढांच्या जुळणीची पद्धत वापरतो, कुणी दिसण्यावर गुण देतो. मग आकडे जुळणार कसे?

विशीत खालची दाटी वाढते, हे खरं. खापर फुटतं बिचाऱ्या अक्कलदाढेवर, की ती मागून ढकलते. पण ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही, त्यांचीही दाटी वाढते. तेव्हा केवळ एवढ्यासाठी कुणी ती काढून घेऊ नये. आणि दहावीत तार लावलेल्यांनो, तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा तुमचा रिटेनर कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलाय, तो शोधा आधी.

त्या मुलीने शेवटी एकच विचारलं, “नाही केलं काही, तर?”

“तर ब्रश करताना त्या दोन दातांच्या फटीत जरा जास्त वेळ दे. तिथे कीटण साचतं आणि हिरडी सुजते.”

आईचं समाधान झालं नव्हतं. पर्स उचलत ती म्हणाली, “मग फोटोग्राफरलाच सांगून ठेवायला हवं.”