नाशिकचा सूर्य, नाशिकचं पंचांग

नमस्कार श्रोतेहो.

संकष्टीच्या रात्री नागपूरहून ताईचा फोन येतो, "आमची आरती झाली, मोदकही खाऊन झाले!" आणि इकडे पंचवटीत मी फुलं-अक्षतांचं ताम्हन घेऊन गच्चीवर उभी. चंद्र एकच, पण नागपूर आपल्या पूर्वेला सव्वापाच अंशांवर आहे. अंशाला चार मिनिटं धरली, की आपल्याला वीसेक मिनिटं जास्त उपाशी राहावं लागतं.

आपला दिवस मध्यरात्री नाही, सूर्योदयाला बदलतो. तिथीला मात्र सूर्योदयाचंही बंधन नाही. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला, की एक तिथी सरली. चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद. म्हणून एखादी तिथी वीसेक तासांत उरकते, तर एखादी सव्वीस तास रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी असेल, तीच त्या दिवसाची. एकही सूर्योदय तिच्या वाट्याला आला नाही तर क्षय, दोन आले तर वृद्धी. संकष्टीला मात्र चंद्रोदयाची चतुर्थी धरायची.

पूर्वी लग्नघरी घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडत. वाटीच्या तळाला बारीकसं भोक. पाणी हळूहळू आत चढत जाई, काठ पाण्याला टेकला की वाटी डुबकन खाली. झाली एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं! दोन घटकांचा एक मुहूर्त, आणि साठ घटकांचा अख्खा दिवस. वाटी पाण्यावर सोडायची ती सूर्य उगवताना, आणि तोही आपल्याच गावचा सूर्य.

हेच आपण विसरतो, याची मला खरंच हळहळ वाटते. 'सोमवारी राहुकाळ साडेसात ते नऊ' हे पुष्कळांना तोंडपाठ असतं. पण तो हिशेब सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या दिवसाचा. राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेच्या आठ सारख्या हिश्शांपैकी अशुभ मानलेला एक हिस्सा; सोमवारी तो दुसरा. डिसेंबरअखेर नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो आणि दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. मग सोमवारचा राहुकाळ साधारण साडेआठला लागतो आणि दहाच्या आत सुटतो. पाठ केलेल्या वेळेनं चालणारा माणूस नेमका राहुकाळातच घराबाहेर पडतो!

राहुकाळ मानावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मानायचा तर हिशेब नीट हवा. मोबाइलवर पंचांग उघडलंत, तर वेळ बघण्याआधी वर गावाचं नाव नाशिक आहे ना, एवढं बघा.