पाच सेकंद थांबणारी बस

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय टॅबवरच्या, मोबाइलवरच्या खेळांबद्दल. थांबा, रेडिओ बंद करू नका! ‘मुलांच्या हातातून मोबाइल काढून घ्या’ हे तुम्हाला रोज कुणी ना कुणी सांगतंच, मी ते सांगायला आलेले नाही. कसबा पेठेत ३१ वर्षं बालवाडी चालवली. त्यामुळे खेळ दिसला की मी एकच बघते. त्याचा शेवट कुणी ठरवलाय? खेळ बनवणाऱ्यानं, की खेळणाऱ्या मुलानं?

एखाद्या खेळात पडद्यावर चार चित्रं येतात, सफरचंद ओळखायचं. सफरचंदावर बोट ठेवलं की टाळ्या, केळ्यावर ठेवलं की ट्यँव. ही परीक्षा झाली. शेवट आधीच ठरलेला. याउलट दिवाळीतला किल्ला घ्या. गोणपाट, दगड, चिखल, अळीव, आणि महाराज कुठं बसवायचे यावरून भांडण. शेवट मोकळा. आता रस्त्याच्या कडेला आयते रंगवलेले किल्ले विकायला असतात आणि आईबाप ते गाडीच्या डिकीत घालून घरी नेतात. नखात माती न जाता किल्ला! मला तर ते बघवत नाही. असो.

तर मोकळा खेळ. पडद्यावरही असा मोकळा खेळ असतो, हे मला माझ्या नातीनं दाखवलं.

नात साडेपाच वर्षांची. मे महिन्यात राहायला आली होती. तिच्या बाबानं जुन्या टॅबवर स्क्रॅच ज्युनिअर नावाचं ॲप टाकून दिलेलं. फुकट मिळतं. उघडलं की कोरा चौकोन आणि त्यात एक मांजर, बस्स. गुण नाहीत, टाळ्या नाहीत. खाली रंगीत ठोकळे. निळे हलवणारे, केशरी थांबवणारे, हिरवे आवाजाचे, लाल शेवटचे. ठोकळ्यांवर नुसती चित्रं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही अडत नाही. ठोकळे एका रांगेत जोडायचे, की चित्र तसं वागतं.

तिनं आधी मांजराला हाकललं आणि एक बस काढली. तांबडी, तीन चाकांची. म्हटलं, तिसरं चाक कशाला गं?

“ती स्टेपनी.”

निळा ठोकळा लावला, त्यापुढे ‘पुन्हा पुन्हा’चा लाल लावला, बस सुटली. उजव्या कडेला जाऊन नाहीशी झाली, आणि डाव्या कडेनं पुन्हा आत आली! माझ्यातली बाई लगेच जागी झाली. “अगं, गेलेली बस तिकडून कशी येईल? वळून यायला हवी ना?”

तिनं माझी कीव केली. “आजी, ही ती नाहीये. ही मागची. आपल्या स्टॉपवर नाही का एकामागे एक येतात?”

श्रोतेहो, अर्धा तास एक नाही आणि मग दोन एकदम, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

मग स्टॉप आला. स्टॉपवर एक म्हातारी, हातात पिशवी. ती मी. आता बस थांबायला हवी. केशरी ठोकळा तिनं नेला लाल ठोकळ्याच्या पुढे. पण लाल ठोकळ्यापाशी रांग संपते, त्यापुढे काही जुळत नाही. केशरी सुटा पडला. पुन्हा लावला, पुन्हा सुटा. पाच वेळा. माझा हात नुसता शिवशिवत होता. पदराचं टोक मुठीत धरून गप्प बसले. एवढी वर्षं बालवाडीत काढली, तरी गप्प बसणं अजून जड जातं.

मग तिनंच रांगेवरून बोट फिरवत म्हटलं, “जा... परत पहिल्यापासून... जा...” आणि थबकली. “अगंबाई! परत जायच्या आधी थांबायला पाहिजे!” आणि केशरी ठोकळा निळ्या आणि लालच्या मधे घुसवला.

बस थांबली. थांबली न थांबली तोच निघाली. ठोकळ्यावर आकडा होता १०, म्हणजे तिथे एक सेकंद. “एवढ्यात आजीला चढता येत नाही. आजीचा गुडघा दुखतो.” आकडा केला ५०. वर माझ्याच आवाजात ‘अहो, थांबा हो’ भरून घेतलं.

मुलांनी असे संगणकाला हुकूम देत खेळायचं, हे फॅड कालपरवाचं नाही बरं का. सीमोर पेपर्ट हे गणितज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्येच मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. मुलं त्याला हुकूम सोडायची आणि ते रेघा ओढायचं. स्क्रॅच ज्युनिअर त्याच घराण्यातलं, २०१४ चं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी. वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते चार वर्षांना दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर बरंच. आणि मी म्हणते, भरवताना तर नकोच. वरण-भाताकडे बघून जेवलेलं मूल हल्ली दिसतच नाही. तेव्हा खेळ निवडताना एवढंच विचारा, शेवट कुणी ठरवलाय? उत्तर ‘मुलानं’ असेल, तर खुशाल द्या. आणि शेजारी बसा. हात पदरात धरून.

हां, बसचं राहिलंच. तासाभरानं टॅबची बॅटरी संपली. आता रडारड होणार म्हणून मी नारळाची वडी आणायला उठले. येऊन बघते तर हॉलमध्ये चार खुर्च्या एकामागे एक. आजोबा पुढे, हातात जेवणाचं ताट, स्टिअरिंग म्हणून. पेपरच्या पट्ट्या फाडून तिकिटं. आणि मागून हाक,

“आजी, पळ! पाचच सेकंद थांबते!”