अळवाचं पान आणि व्हॅनचा दरवाजा

मंडळी, मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असताना रविवारची सकाळ तुम्ही गाडीच्या रंगावर बोलणाऱ्या माणसासाठी मोडलीत, आभार मानतो. माझी उमेदीची वर्षं रंगाच्या कारखान्यात गेली. आता घराशेजारच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या धुतो, घासतो, वॅक्स लावतो, कोणी म्हणालं तर सिरॅमिक कोटिंगही, म्हणजे रंगावर पातळ कडक थर बसवणारा लेप, करतो. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की पहिलं काय करतं? बाटलीतलं पाणी बॉनेटवर ओततं. मोत्यांसारखे थेंब उठले की खूश, नाही उठले की माझं काही खरं नाही. या मोत्यांवर कितपत भरवसा ठेवायचा, एवढंच मला आज बोलायचं आहे.

टेबलावर बघा, एक अळवाचं पान आहे आणि एक गुलाब. पान बायकोच्या कुंडीतलं आहे, अळूवडीतून वाचवून आणलंय. अळूवडीसाठी पान धुताना तुम्ही पाहिलं असेलच, नळाखाली धरलं तरी वरची बाजू कोरडी ती कोरडीच. आता मी पानावर थेंब सोडतो. पाऱ्यासारखा पळाला, पान जरा तिरकं व्हायचा अवकाश. ‘अळवावरचं पाणी’ म्हणतात ते हेच. आता गुलाबाच्या पाकळीवर तसाच एक छोटा थेंब. मागच्या रांगेतल्यांनी पुढं या, लाजू नका. हाही गोल आहे, अळवावरच्या इतकाच. आता पाकळी उलटी करतो. पडला का? नाही. लोंबकळत राहिला.

दोन्हीकडे थेंब सारखाच गोल, पण एक पळतो आणि दुसरा चिकटून बसतो. गुलाबाच्या या चिकटपणावर चिनी संशोधकांनी २००८ मध्ये सविस्तर लिहिलं, त्याला पाकळीचा परिणाम असंच नाव पडलं. कमळाच्या पानावरचं पाणी धूळ सोबत घेऊन कसं जातं, हे त्याआधी १९९७ मध्ये बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. अळू आणि कमळ यांच्या पानांवर डोळ्याला न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण. थेंब त्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. पाकळीवरचे उंचवटे मोठे, त्यांच्या खाचांत पाणी शिरतं आणि पकड घेतं. थेंबाचा गोलपणा ही एक गोष्ट आणि त्याचं सुटणं ही दुसरी, आणि आपण बॉनेटवर पाणी ओतून फक्त पहिलीच बघतो.

गोलपणा मोजतात तो स्पर्शकोनानं. थेंबाकडे बाजूनं, अगदी डोळ्याच्या पातळीत बघायचं. थेंबाची कड पृष्ठभागाला जिथं टेकते, तिथं पाण्याच्या आतून मोजलेला कोन. नव्वदाच्या खाली असेल तर पाणी पसरायला बघतं, वर असेल तर गोळा होतं, १५०च्या वर गेला की अळवाचा वर्ग. या कोनामागचा हिशेब थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरनं १८०५ मध्ये मांडला. पाण्याचा स्वतःला आवळून धरण्याचा जोर, ज्याला पृष्ठताण म्हणतात, एकीकडे आणि पृष्ठभागाची ओढ दुसरीकडे, अशी ती रस्सीखेच आहे.

आता धंद्यातली गोम सांगतो. गुळगुळीत सपाट पृष्ठभागावर, रसायन कितीही भारी घ्या, हा कोन १२०च्या आसपास थांबतो. टेफ्लॉन ११०च्या घरात. साधं मेण, सिलिकोन हीसुद्धा त्याच आळीतली, शंभर ते एकशेदहा. म्हणजे ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून खरवडलेलं कार्नोबा वॅक्स आणि हजारो रुपयांचं कोटिंग यांच्या थेंबांत पाच-दहा अंशांचा फरक. तो फरक दुपारच्या उन्हात, पार्किंगमध्ये उभं राहून, नुसत्या डोळ्यांनी ज्याला कळतो त्याला माझा दंडवत. आणि डब्यावर कोणी १५० अंश छापले असतील तर समजायचं की हे खडबडीशिवाय होणार नाही. खडबड आली की चकाकी मंदावते, आणि ती खडबड टिकत नाही. हे बघा, याच अळवाच्या पानावर अंगठा जरा जोरानं फिरवतो, दोनदा, तीनदा. आता थेंब सोडू. बसला. पान फाटलेलं नाही, हिरवंगार आहे, फक्त वरचं मेण चेपलं. तुमचं मायक्रोफायबरचं फडकं दर रविवारी गाडीवर हेच करतं, थोडं हळुवार एवढंच.

मग बघायचं काय? उतारावरचा थेंब बघायचा. उतारावर थेंबाला दोन कडा असतात, पुढची आणि मागची. पुढची कड फुगून पुढं सरायला बघते आणि मागची कड जागा सोडायला तयार नसते. पुढचा कोन आणि मागचा कोन यांत जेवढं अंतर जास्त, तेवढा थेंब अडेल. लेपाचे डबे विकणारे सांगतात तो एकच कोन, स्थिर थेंबाचा. थेंब सुटणार की नाही हे मागची कड ठरवते, तिच्याबद्दल डब्यावर अवाक्षर नसतं. काही सिलिकोनांवर थेंब जेमतेम १०५ अंशांचा असतो, बघायला बसका, पण रेणूंच्या साखळ्या इतक्या सैल आणि हलत्या असतात की जरा तिरकं केलं की थेंब शेपूट न सोडता निघून जातो. शेपूट महत्त्वाचं. थेंब गेल्यावर मागं ओली रेघ आणि बारके थेंब राहिले तर समजा मागची कड अडकत होती.

दुकानात दाखवतात ते प्रयोग मी स्वतःही करून गिऱ्हाईक पटवलंय, तेव्हा कबुली देऊनच बोलतो. बारीक फवाऱ्याची बाटली घ्यायची. पाण्याचा थेंब साधारण पावणेतीन मिलिमीटरच्या आत असला तर त्याच्यावर वजनापेक्षा पृष्ठताणाची सत्ता चालते, तो गोल राहतो. मोठा झाला की स्वतःच्या वजनानं थापल्या भाकरीसारखा चपटा होतो. म्हणून फवारा जितका बारीक, तितका माल भारी दिसतो. पॅनल काळं घ्यायचं, कारण पांढऱ्यावर मोती दिसत नाहीत. आणि पॅनल नुकतंच पॉलिश केलेलं असेल तर विचारूच नका, पॉलिशमधलं तेल मागं राहतं आणि काहीही न लावता चार-सहा दिवस थेंब उठतात. एवढंच काय, नव्या गाडीचा नुसता क्लिअर कोटही, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरही, बऱ्यापैकी थेंब धरतो.

म्हणून मी भंगारवाल्याकडून एका जुन्या व्हॅनचा सरकता दरवाजा आणला. बॉनेटला गोलाई असते, कोन मोजताना फसगत होते, दरवाजाचा मधला भाग सपाट मिळतो. तो आधी धुतला, रुतलेला मळ ओढून काढणारी मातीची वडी, क्ले बार, फिरवली, पॉलिश केला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तेल काढलं. मास्किंग टेप लावून पाच पट्टे केले. चारांवर चार वेगळे लेप, पाचवा कोरा. कोरा पट्टा ठेवल्याशिवाय केलेली तुलना म्हणजे एकट्यानं पळून पहिलं येण्यासारखं आहे.

पाणी कोणतं? नळाचं नको, टँकरचं तर नकोच. गॅरेजात मिळतं ते बॅटरीचं पाणी घ्यायचं, त्यात क्षार नसतात. थेंब मोजायला औषधाच्या दुकानातली इन्शुलिनची ४० युनिटवाली सिरिंज, तिच्या दोन रेघा म्हणजे ०.०५ मिलिलिटर. सुई पत्र्याला न टेकवता दोन रेघा एकाच जागी सोडायच्या. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप असतं, तो फोन दरवाजाला टेपनं बांधायचा आणि एक बाजू हळूहळू उचलायची. थेंब सुटला की आकडा वाचायचा. प्रत्येक पट्ट्यावर पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या जागी. एका आकड्यावर जाऊ नका, तिथं धुळीचा कण असू शकतो.

माझ्या दरवाजावर काय झालं ते सांगतो. दिसायला सगळ्यांत टपोरे थेंब वॅक्सच्या पट्ट्यावर होते. शेजारचे दोघं-तिघं बघायला आले होते, सगळ्यांचं बोट त्याच पट्ट्याकडे गेलं. उचलायला लागलो तर शेजारचा पट्टा, ज्याच्यावर थेंब बसकेच होते, त्यावरचा थेंब पंधरा अंशांतच निघून गेला. वॅक्सवाला तिशी ओलांडली तरी हटेना आणि गेला तेव्हा मागं रेघ ठेवून गेला. मग पाइप घेतला, नोझल काढून, मोकळ्या धारेनं पाणी सोडलं. ओघ तोडल्यावर त्या बसक्या पट्ट्यावरचं पाणी चादर ओढल्यासारखं एका झटक्यात खाली गेलं. कोऱ्या पट्ट्यावर पापुद्रा रेंगाळत राहिला. हा पाइपचा प्रयोग घरी कोणालाही करता येतो, सिरिंजही लागत नाही. धार बंद करा आणि पत्रा मोकळा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा.

पहिल्या दिवसाचा निकाल फारसा कामाचा नसतो, हेही सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी कुठल्याही लेपावरून पाणी पालथ्या घड्यावरून पळावं तसं पळतं. दरवाजा अंगणात उभा केला, आठवड्याला एकदा धुतला, दर वेळी तोच शॅम्पू, तेवढंच पाणी, तेवढेच हात. महिन्याला पुन्हा सिरिंज. दोन महिन्यांत पट्ट्यांचा क्रम बदलला.

इथं एक माझी फजिती. एक गृहस्थ चार महिन्यांनी आले, ‘‘काका, तुमचं कोटिंग मेलं.’’ बॉनेटवर पाणी खरंच पसरत होतं. मी ओशाळलो, पदरमोड करून पुन्हा लेप लावून दिला. तीन महिन्यांनी तेच. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या घरासमोर बांधकाम चालू होतं आणि गाडी सोसायटीच्या बोअरच्या पाण्यानं धुतली जायची. सिमेंटची धूळ आणि क्षार, दोन्हींना पाण्याची आवड. त्यांचा थर वर बसला की खालचा लेप कितीही चांगला असो, पाण्याला तो भेटतच नाही. अर्ध्या बॉनेटवर सौम्य आम्लाचा, क्षार काढणारा शॅम्पू वापरला, भरपूर पाण्यानं धुतलं. त्या अर्ध्यावर थेंब पुन्हा उभे. तेव्हापासून शेडमध्ये आमचा शब्दच झालाय, ‘मेलं नाही, मळलंय’. चाचणी करायची तर आधी मळ काढा. आणि शॅम्पूचा फेस पूर्ण जाऊ द्या. साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतो, त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर चांगला लेपही नापास होतो.

गोल थेंबांचा एक तोटाही आहे. तो पळाला नाही तर जागीच वाळतो आणि त्यातले सगळे क्षार वाटाण्याएवढ्या जागेत गोळा होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, बोअरचं पाणी ती सहज ओलांडतं. पांढरी वर्तुळं उठतात ती यातून. थेंब भिंगाचं काम करून रंग जाळतो, असं जे सांगतात ते मात्र मला पटत नाही. पानांवरच्या थेंबांवर हंगेरीच्या संशोधकांनी २०१० मध्ये काम केलं, तेव्हा गुळगुळीत पानं जळाली नाहीत. पसरट थेंबातून किरण एकवटतात ते पृष्ठभागाच्या बरंच खाली. म्हणजे पत्रा सपाट, थेंब गोल पण अडेल, पाणी बोअरचं आणि गाडी उन्हात, हा सगळ्यांत वाईट योग.

आणि पाणी पळालं म्हणजे रंग वाचला असंही नाही. सिलिकोनचा स्वस्त स्प्रे पाणी झकास पळवतो, कबुतराची शीट त्याला भीक घालत नाही. उन्हापासून रंग मुख्यतः क्लिअर कोटमधलीच द्रव्यं वाचवतात, दगडांपासून जाड फिल्म वाचवते.

हं, तुमचा प्रश्न कळला, ‘‘मग आम्ही लावायचं काय?’’ दादा, गाडी झाकल्या पार्किंगमध्ये असते की झाडाखाली, पाणी कुठलं, धुतं कोण, हे कळल्याशिवाय मी नाव घेणार नाही. तो दरवाजा मी टेम्पोत घालून आणलाय, बाहेर गेटपाशी दोन विटांवर ठेवलाय. सिरिंज, बॅटरीचं पाणी, फोनला बांधायची टेप, सगळं तिथंच आहे. कुठल्या पट्ट्यावर काय लावलंय ते मागच्या बाजूला लिहिलंय. आधी पत्रा उचलून आकडे कागदावर टिपा आणि मगच मागं वाकून बघा. डावीकडून दुसऱ्या पट्ट्याला हात लावू नका, कालच एकानं अंगठा फिरवलाय.